नरसिंगच्या नावाने सरकणारी कार्डं

खोलीत चौदा माणसं होती : नऊ आमची, पाच खालच्या मजल्यावरच्या क्लासमधून बघायला आलेली. खुर्च्या दहा, त्यांतली एक मुद्दाम रिकामी. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ‘तपासणी’च्या रकान्यात सात कार्डं. पडद्याखाली एक नारळ, दोन उदबत्त्या. घड्याळात बारा एकोणसाठ.

एक वाजला. कुणाचाही हात कीबोर्डवर नव्हता. पहिलं कार्ड जागचं हललं आणि ‘पूर्ण’च्या रकान्यात जाऊन बसलं. मग दुसरं. सातही गेली. प्रत्येकाखाली ओळ उमटली : नरसिंग यांनी पूर्ण केले.

नरसिंग जाऊन अकरा महिने झाले होते. माहूरहून परतताना घाटात त्याची गाडी उलटली. रिकामी खुर्ची त्याची. पाठीवर त्याचं करडं जॅकेट अजून तसंच होतं.

“आलं लेकरू,” ऑफिसचं चहापाणी बघणारे व्यंकटीमामा हात जोडून म्हणाले. “ऐन जेवनाच्या टायमाला येतंय. जित्तेपनी कधी टायमावर जेवलं न्हाई.”

कुणी हसलं नाही. माझ्याही अंगावर काटा आला, हे नोंदवून ठेवते.

नांदेडच्या आमच्या छोट्या कंपनीत एक कार्ड म्हणजे एक काम. प्रोग्रॅम लिहिणारा ते ‘तपासणी’त टाकतो, बुद्धप्रिया ते वापरून बघते, आणि नीट चाललं तरच ते ‘पूर्ण’ होतं. महिन्यापूर्वी कामाच्या पद्धती शिकवायला विरूपाक्ष सर आले. आधी पंधरवड्याला अकरा कामं पुरी व्हायची. ते आल्यावर सव्वीस होऊ लागली. त्यातली बरीच नरसिंगच्या नावावर.

“पाहिलंत?” विरूपाक्ष सर पाहुण्यांकडे वळले. “हे लोक कानबान पद्धत वापरत होते. काम आलं, काम गेलं, ना मुहूर्त ना सांगता! तिथं आत्मा थांबेल कशाला? स्क्रममध्ये पंधरा दिवसांचं अनुष्ठान असतं. रोज उभ्याने सभा, शेवटी आत्मपरीक्षण. तिसरी पद्धत ती एक्स्पी, तिच्यात तर दोघं एका कीबोर्डवर! ग्रहांची युतीच बिघडते.”

“कोणत्या ग्रहांची, सर?” मी विचारलं.

“लातूरची ना तू? सगळ्यात मार्कं मोजायची खोड.”

आता लोक हसले.

“सर, ही सात कार्डं मी तपासलेली नाहीत,” बुद्धप्रिया म्हणाली.

प्रोग्रॅम एका डायलिसिस केंद्रासाठी होता. रुग्णाला आदल्या दिवशी डायलिसिसच्या पाळीची आठवण देणारा संदेश जाणार होता. सोमवारी तो सुरू व्हायचा होता आणि त्याआधी बुद्धप्रियाची सही हवी होती.

“गेलेल्या माणसानं पास केलेलं तू अडवणार?” सरांचा आवाज चढला. “सौदामिनी मॅडम, सोमवारपर्यंत सही नसेल तर हिला मोकळं करा. अश्रद्ध माणसानं टीमची गती मरते.”

मॅडम आमच्या प्रमुख. त्या जॅकेटकडे बघत राहिल्या.

“काढायचं तर काढा,” बुद्धप्रिया म्हणाली. “एक पाळी चुकली तर माणूस पाण्यानं फुगतो, दम लागतो त्याला. न बघता सही मी न्हाई करत.”

गुरुवारी सकाळी मी मॅडमना विचारून दहा खोटी कार्डं केली. पाच पडद्यावरच्या स्क्रमच्या फळ्यावर, तीच पाच जुन्या कानबानच्या फळ्यावर. दोन्हीकडे ‘तपासणी’त.

शुक्रवारी एक वाजता स्क्रमवरची पाचही सरकली. कानबानवरचं एकही हललं नाही.

“बघा!” विरूपाक्ष सर टाळी वाजवून म्हणाले. “कानबानवर तो फिरकतसुद्धा नाही!”

व्यंकटीमामा पडद्याजवळ जाऊन मोठ्यानं वाचू लागले. “अर्धापूरची केळी चौकोनी करणे : नरसिंग यांनी पूर्ण केले. सहस्रकुंडाचा धबधबा कपाटात ठेवणे : पूर्ण.” ते वळले. “ओ साहेब, हे काय करून राहिला तुमचा आत्मा? आमचा नरसिंगभाऊ असल्या फाजील कामाचा गडी नव्हता.”

मॅडमनी फळ्याच्या सेटिंग्ज उघडल्या. तिथे एक नियम होता : रोज एक वाजता, ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ ‘तपासणी’त पडलेलं कार्ड आपोआप पूर्ण समजावं. उत्तरच न देणाऱ्या एका जुन्या ग्राहकासाठी नरसिंगने तो तीन वर्षांपूर्वी केला होता. काम संपल्यावर त्यानेच बंदही केला होता. नियम जे करतो ते नियम बनवणाऱ्याच्या नावाने दिसतं, त्याचं खातं उघडं असेल तर.

“खातं बंद करायला मी तीनदा बसले,” मॅडम हळू म्हणाल्या. “ते विचारतं, ‘हे नाव काढून टाकायचं का?’ हो म्हणवलं नाही गं.”

खाली नोंद होती : नियम पुन्हा सुरू, फक्त स्क्रमच्या फळ्यासाठी, विरूपाक्ष, ३ जून, सकाळी ११:४०. मुदत पंधरा दिवसांऐवजी एक दिवस. तो त्यांचा पहिलाच दिवस होता.

“तो... उत्साह वाढवण्याच्या तंत्राचा भाग होता,” सर म्हणाले.

मी तसाच नियम माझ्या नावाने कानबानला लावला, वेळ एक वीसची दिली. एक वीसला तिथलीही केळी चौकोनी झाली.

स्क्रम, कानबान, एक्स्पी या माणसांनी काम वाटून घ्यायच्या रीती आहेत. आधी आखता येणारं काम पंधरवड्यात बांधायला स्क्रम बरी. मध्येच तातडीचं काम येत असेल तर कानबान. चूक महाग पडणार असेल तिथे दोघांनी मिळून लिहावं. कुठलीही घ्या, पण ‘पूर्ण’ कशाला म्हणायचं ते आधी ठरवा, आणि पूर्ण झालं असं कुणी सांगितलं तर उघडून बघा. सांगणारा जिवंत असो की नसो.

सोमवारचा मुहूर्त मॅडमनी रद्द केला. सही कधी करायची ते बुद्धप्रिया ठरवील, असं त्यांनी केंद्राला कळवलं. शनिवारी तिने सगळी कार्डं उघडून तपासली, मी शेजारी बसून आकडे लिहिले.

खोटी पाच वगळता नरसिंगच्या नावाने पूर्ण झालेली कामं : एकतीस. चालणारी : बारा. पाळीची आठवण देणारा संदेश चाळीस नंबरांवर पाठवला. पोचले : शून्य.