चालत्या डब्यातला हात

“साडीला सुई लावू नकोस, पुट्टी. चूक साडीत नाही, पुठ्ठ्यात आहे.”

मोळकाल्मूरूच्या घरी मागावर बसलेले अप्पा हे म्हणाले, तेव्हा बनशंकरी नऊ वर्षांची होती. काठावरच्या मोराचा डोळा हुकला होता. मागाच्या माथ्यावर भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांची माळ फिरे. भोक म्हणेल तो धागा उठे आणि खाली मोर उमटे. एका पुठ्ठ्यातलं एक भोक बुजलं होतं. “सुईनं डोळा काढशील, ही साडी हसेल,” अप्पा म्हणाले, “पुढच्या साडीचा मोर पुन्हा काणाच.”

मोठेपणी ती इस्पितळांच्या याद्यांचे प्रोग्राम लिहू लागली. विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या म्हैसूरच्या ऑफिसात फोन वाजला. फिलोमिना सिस्टर होत्या, धर्मादाय इस्पितळातल्या.

“शंकरी, काल सुट्टी, म्हणून कालचे चार पेशंट आज दुपारच्या चौघांबरोबर घेतले. तुझ्या यादीतून कालचे चौघं गायब! माणसं दारात बसलीत, पुट्टसिद्दम्मा तर डबा घेऊन आलीय. डायलिसिसची यंत्रं लावू कुणाला?”

ही चूक बनशंकरीच्या ओळखीची होती.

“सिस्टर, चौघांची नावं आत्ता हातानं लिहून घ्या. एकालाही परत पाठवू नका. दुपारच्या आत यादी नीट करते.”

ऑफिसचे प्रमुख तिरुनारायण सर तोवर हालप्पाच्या टेबलापाशी पोचले होते. हालप्पा म्हणजे ऑफिसातली यंत्रं सांभाळणारा, सरांहून वयानं मोठा, कपाळावर कालचं कुंकू अजून तसंच.

“नवमीला सर्व्हर बंद केलास?”

“दरवर्षी करतो की. आयुधपूजेला हत्यारानं विसावा घ्यायचा. कुंकू लावलं, झेंडू घातला, दारात कोहळा फोडला, तासाभरानं चालू केलं.”

“आणि चालू केल्यापासून यादी बिघडली! कोहळा सर्व्हरवरच फोडलास का रे?”

“फोडला असता तर तुम्हाला फोडी मिळाल्या असत्या, सर. चुरमुरे तेवढे मिळाले.”

कुणी हसलं नाही. सरही नाहीत. इस्पितळाला लेखी उत्तर हवं होतं, बारापर्यंत, चूक करणाऱ्याच्या नावासकट. “तुझं नाव लिहितोय, हालप्पा. आजपासून सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे.” सर आत गेले.

हालप्पानं किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे नुसतं बघत बसला. एकवीस वर्षांची किल्ली.

खरं काय ते बनशंकरीला ठाऊक होतं. त्यांच्याकडे प्रत्येक प्रोग्राम बंद कंटेनरमध्ये चाले; ऑफिसात सगळे त्याला डबा म्हणत. डबा काढायचा तो इमेजमधून, म्हणजे साच्यातून. यंत्र बंद पडलं की डबा जाई, आणि चालू होताना साच्यातून नवाकोरा निघे. म्हणून दुरुस्ती साच्यात करायची, चालत्या डब्यात हात घालायचा नाही, हा पहिला नियम. युगादीला, म्हणजे पाडव्याला, अशीच सुट्टी, अशीच नावं गळालेली, अशीच घाई. तिनं चालत्या डब्यात शिरून दोन ओळी बदलल्या होत्या. यादी क्षणात नीट झाली, सरांनी पाठ थोपटली. साच्यात उद्या घालू म्हणाली. तो उद्या सहा महिने उजाडला नाही. डबा मात्र चालत राहिला, नवमीच्या कुंकवापर्यंत.

आताही तेच करता आलं असतं. पाच मिनिटांचं काम. ती आत शिरलीसुद्धा. बोटं त्या दोन ओळींवर आली. यादी सुधारेल, सगळे म्हणतील पूजेचाच दोष होता, आणि पुढच्या वेळी यंत्र बंद झालं की पुन्हा कुणीतरी दारात बसेल, हातात डबा घेऊन.

काणाच मोर, ती पुटपुटली, आणि बाहेर आली.

मूळ कोड उघडला. दोन ओळी तिथं लिहिल्या. मग चाचणी लावली: एक सुट्टी, नावं चार, चारही हजर. दोन सुट्ट्या पाठोपाठ लावल्या, तर एक नाव गळलं. म्हणजे तिची युगादीची दुरुस्तीही अर्धीच होती! दिवाळी तीन आठवड्यांवर होती. तिनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली. ओळ खोड, ओळ लिही, पुन्हा चाचणी. साडेदहा वाजले. गळलं. पुन्हा. अकराला सगळी नावं उभी राहिली, एकामागे एक, वारुळातल्या मुंग्यांसारखी शिस्तीत. तिनं नवा साचा बांधला, त्याला नवा क्रमांक दिला, त्यातून नवा डबा काढून जुन्याशेजारी ठेवला, आणि काम हळूच नव्याकडे वळवलं.

“हालप्पण्णा, सर्व्हर बंद करा.”

“खुळी झालीस काय? त्याच पापाची शिक्षा भोगतोय इथं.”

“करा हो. बंद करून चालू केल्याशिवाय मला झोप लागायची नाही.”

“तुझी झोप, माझी नोकरी,” म्हणत त्यानं टेबलावरची किल्ली उचलली. यंत्राचा घुमारा विझला. त्यानं पुन्हा कळ दाबली. मग दिवे लागले, पंखे फिरले, साच्यातून डबा निघाला. तिनं फोन लावला.

“आठही नावं आली,” सिस्टर म्हणाल्या. “पुट्टसिद्दम्मा विचारतेय, जेवू का आधी?”

“सांगा, खुशाल जेव.”

हालप्पा तिच्याकडे रोखून बघत होता. “युगादीनंतर तुला विचारलं होतं मी, साच्यात घातलंस का म्हणून. काय म्हणाली होतीस?”

सर छापलेलं पत्र घेऊन बाहेर आले, सहीसाठी पेन शोधू लागले. बनशंकरी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“सर, सही करू नका. त्यात नाव चुकलंय. युगादीला चालत्या डब्यात मी हात घातला होता, साच्यात काहीच घातलं नव्हतं. हालप्पण्णांनी विचारलं तेव्हा मी ‘घातलंय’ म्हणाले. खोटं बोलले मी.”