रात्र झाली, उजाडलं

माझ्या वर्गात कोणी जांभई देत नव्हतं, याचा मला भारी गर्व होता.

निमोण्याच्या पलीकडे एका वस्तीवरच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली, ते नव्याण्णव साल. एकच खोली, चार इयत्ता आणि मी एकटी बाई. नुकतीच डी.एड. झालेली, त्यामुळे अंगात नुसतं वारं संचारलेलं. रविवारी शिरूरला घरी बसून मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर शब्द लिहायची, चिंचोके रंगवायची. सोमवारी वर्गात बाजार भरायचा, मंगळवारी अंगणात सावल्या मोजायच्या. तोच खेळ लागोपाठ घ्यायचा नाही, मुलं कंटाळतात, हे मनाशी पक्कं. "नव्याचे नऊ दिवस," असं केंद्रप्रमुख हसून म्हणाले, तेव्हा मी मनात म्हटलं, बघाच तुम्ही.

मुलं खरंच कंटाळली नाहीत. खिडकीबाहेरून ट्रॅक्टर गेला तरी मान वळत नसे. सगळे डोळे माझ्यावर. पाणी प्यायला बाहेर गेले तर दोघं-तिघं दारात येऊन उभी. आधी माझी छाती फुगली. मग हळूहळू अंगावर काटा यायला लागला. मुलं अशी असतात का कुठं? चिमटे नाहीत, खोड्या नाहीत, हसणं नाही.

आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. घरी बुद्धवंदना व्हायची, आणि भुताचं नाव काढलं की वडील रागवायचे. तरी भर दुपारी त्या खोलीत कोणीतरी जादा असल्यासारखं वाटायचं. कोपऱ्यात आधीच्या गुरुजींची खुर्ची होती. मी बसायला गेले की चौथीतली दीक्षा म्हणायची, "बाई, तिथं नगा बसू." मी आपली सतरंजीवर बसायची.

एक दिवस चाचपून वस्तू ओळखायचा खेळ आणला. पिशवीत कणीस, कुलूप, भोवरा, आणि डोळ्यांवर बांधायला रुमाल. रुमाल बघताच छोटी तेजश्री किंचाळली. बाकीची भिंतीला चिकटली. "अरे, खेळ आहे, फाशी नाही!" मी चिडून म्हणाले. तरी एकही मूल डोळे मिटायला तयार होईना.

शाळेत पाणी भरायला सारजाबाई यायच्या. त्यांना विचारलं, तशा त्या कळशी उतरवून खालीच बसल्या.

"साहेबराव गुरुजी एक खेळ घ्यायचं. 'रात्र झाली' म्हनलं की पोरांनी मान खाली घालून डोळं मिटायचं. गुरुजी गुपचूप एखादी वस्तू लपवायचं, आन् 'उजाडलं' म्हनलं की काय गेलं ते पोरांनी वळखायचं. त्या दिशी गुरुजी 'रात्र झाली' म्हनलं आन् खुर्चीतच गेलं. गहू काढायचं दिस, वस्तीवर कुनी न्हाई. पोरं तशीच डोळं मिटून बसली. सांजच्याला मी आले तवा कळलं. एकेकाला हाताला धरून उठवलं, पर 'उजाडलं' कुनी म्हनलंच न्हाई, बाई."

मला रडूच फुटलं. माझे खेळ या मुलांनी कधी बघितलेच नव्हते. बाई जिवंत आहेत ना, एवढंच ती बघत होती. त्यांची ती रात्र आता मोडायचीच, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना गोलात बसवलं. "मी सारखी बोलत राहीन. आवाज थांबला तर लगेच डोळे उघडा." दीक्षानं माझा पदर धरला. हातातला खडू घट्ट आवळून मी म्हणाले, "रात्र झाली."

कितीतरी वेळानं एकेक मान खाली गेली. मी बाराखडी म्हणत राहिले. मग म्हणाले, "उजाडलं!"

कोणीच मान वर केली नाही.

"उजाडलं रे!" मी ओरडले. दीक्षाला हलवलं. तिचे डोळे घट्ट मिटलेले. हे मी काय करून बसले!

तेवढ्यात सगळ्या माना एकदम वर झाल्या. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मुलं खुर्चीकडे बघून तोंडभर हसत होती.

"गुरुजी, बाईंचा खडू गेला!" तेजश्री ओरडली.

मी मूठ उघडली. मूठ रिकामी होती.

दीक्षानं पदर सोडला. सगळी हसत, एकमेकांना ढकलत अंगणात पळाली. मागं वळून माझ्याकडे कोणी बघितलं नाही. खोलीत मी एकटी राहिले, आणि खुर्चीकडे तोंड फिरवायची काही माझी छाती होईना.