चार बोटं उंचीचा हूड

रिक्षाचा हूड कोणी शिवला, हे आजवर एकाही उतारूने मला विचारलेलं नाही. ऊन लागत नाही, पाऊस आत येत नाही, एवढं त्याला पुरतं. माझी तक्रार नाही. पण भवानी पेठेतल्या आमच्या दुकानात तीन पिढ्या हूडच शिवले गेले. आजोबांनी टांग्याचे, वडिलांनी टांग्याचे आणि रिक्षाचे, मी रिक्षाचे. त्यामुळे "फक्त बटणं बसवायची आहेत" असं म्हणून कोणी बोलावलं, की माझं डोकं फिरतं.

हिंदुरावांनी मला असंच बोलावलं होतं. दोन हजार नऊचा डिसेंबर असेल. कात्रजच्या पुढे त्यांचं गाव, म्हणजे आता पुण्यातच आलेलं. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, घरामागचा गोठा तेवढा राहिला. संपत रिक्षावाला माझं जुनं गिऱ्हाईक, तोच मला तिथे घेऊन गेला. गोठ्यात जनावर नव्हतं. दोन माणसांची, उघडी, सायकलसारख्या तारांच्या चाकांची लाल मोटार होती.

एकोणीसशे एकोणपन्नासची एमजी, इंग्लंडात बनलेली. हिंदुरावांच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, साठ साली ती कॅम्पातल्या एका पारशी डॉक्टरांकडून घेतली होती. पंधरा-वीस वर्षं चालवली, मग ती बंद पडली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. हिंदुराव कारखान्यात, हत्यारं-साचे घडवणाऱ्या टूलरूममध्ये होते. चव्वेचाळिसाव्या वर्षीच व्हीआरएस घेऊन रिटायर झाले त्या दिवशी शाल-श्रीफळ घरात ठेवलं आणि सरळ गोठ्यात जाऊन कोंबड्या हुसकल्या, असं त्यांच्या बायकोने, मथुराबाईंनी, मला सांगितलं. तीन वर्षं घरभर मोटारच होती. गिअरबॉक्स दोन वर्षं देव्हाऱ्याशेजारी होता आणि येणारा पाहुणा त्यालाही हात जोडून जायचा.

काम मात्र माणसाने नमुनेदार केलं होतं. पत्रा हाताने ठोकून सरळ केलेला. मिळाला नाही तो स्क्रू स्वतः लेथवर काढलेला. इंग्लंडहून मागवलेलं एक जाड पुस्तक होतं, त्यातल्या फोटोत जे असेल तेच गाडीत. आठ दिवसांवर जुन्या मोटारींची रॅली आली होती आणि हिंदुरावांना पहिला नंबर हवा होता. स्वतःसाठी नव्हे. "आप्पांना शेजारी बसवून न्यायचं," ते म्हणाले. "त्यांची गाडी हाय ती. पहिली आलेली त्यांनी डोळ्यांनी बघायची."

आप्पासाहेबांच्या त्याच डोळ्यांपैकी एकाचं महिन्यापूर्वी ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा दिला होता, तरी वारा आणि धूळ लागू द्यायची नाही, उघड्या गाडीत मुळीच बसवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून हूड लावूनच जायचं ठरलं. हूडही इंग्लंडहून आला होता, तयार शिवलेला. मी फक्त तो गाडीला अडकवायची बटणं बसवायची.

मी बसवली. खोटं कशाला बोलू, हूड सुंदर होता. कापड मऊ, शिवण बारीक, गाडीवरच्या कमानींच्या सांगाड्यावर असा बसला की एक सुरकुती नाही. मला जरा वाईटच वाटलं. आपण यापेक्षा चांगलं शिवू शकतो असं मनात म्हणून घेतलं आणि हत्यारं गोळा करायला लागले.

तेवढ्यात आप्पासाहेब बाहेर आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, काठी न घेता चालणारा माणूस. पांढरंशुभ्र धोतर, कोट, काळा चष्मा आणि डोक्याला केशरी फेटा. आज गाडीत बसून बघायचं म्हणून सकाळपासून तयार होऊन बसले होते, हे मथुराबाई हळूच बोलल्या. हिंदुरावांनी हूड मागे घेतला, आप्पांना हात देऊन बसवलं आणि हूड पुढे ओढून लावला.

फेटा नाकावर आला.

आप्पासाहेबांनी तो वर सारला. तो कापडाला अडला. मान खाली घातली तर समोरचं दिसेना, वर केली तर फेटा विस्कटला. दोनदा करून पाहिलं त्यांनी. मग शांतपणे बाजूचं दार उघडून उतरले, "झ्याक झालीया गाडी," असं म्हणाले आणि फेटा सावरत घरात गेले.

हिंदुरावांनी उघडं राहिलेलं दार लावलं. म्हणाले, "फेटा काढून बसतील. दीड तासाचा तर प्रश्न हाय."

मला राहवलं नाही. म्हटलं, "तुम्ही वडिलांना कधी बोडक्या डोक्याने पाहिलंय?"

त्यांनी हुडाचं एक बटण उघडलं, परत लावलं. मग म्हणाले, "एकदा. आई गेली तवा." सरुबाई, त्यांची आई, जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्या भागातली जुनी माणसं डोकं उघडं टाकतात ती फक्त घरात मयत झाली की. हिंदुरावांना हे मी सांगायची गरज नव्हती. पण तीन वर्षं पुस्तकातल्या फोटोंकडे बघून त्यांना घरातलं माणूस दिसेनासं झालं होतं.

एक गोष्ट मला खटकत होती. आप्पासाहेबांनी हीच गाडी पंधरा-वीस वर्षं चालवली, तेव्हा पाऊस पडत नव्हता की काय? मी विचारलं, "जुना सांगाडा असाच होता का?"

"न्हाई, जरा वाकडा व्हता. कुणीतरी मागनं जुगाड केलं व्हतं. कमानींच्या पायात ठोकळे घातले व्हते. फोटोत तसलं काय न्हाई, म्हणून काढून टाकले." त्यांनी पायाने एक पत्र्याचा डबा पुढे सरकवला.

डब्यात सहा लाकडी ठोकळे होते. तीन कमानी, प्रत्येकीच्या दोन पायांना एकेक. मी एक उचलला आणि तिथेच शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसले. बाभळीचं लाकूड, खालून खाच पाडलेली, वरून पितळी पट्टीने जखडलेलं. टांग्याच्या हुडाचा जोड. मी लहानपणी असे शेकड्याने पाहिलेत. उंची मोजायला मला पट्टी लागली नाही. चार बोटं, सहाही ठोकळ्यांची सारखी, केसाचा फरक नाही.

"हे जुगाड नाही," मी म्हणाले. आवाज चढला होता, ते मलाही कळत होतं. "हे माप आहे. फेट्याचं माप घेऊन केलेलं काम आहे हे, आणि तुम्ही ते भंगारात टाकलंत."

आम्ही दोघं घरात गेलो. आप्पासाहेब पुढच्या सोप्यात बसले होते. ठोकळा हातात दिला तर त्यांनी तो चष्म्याजवळ नेला आणि हसले.

"एकसष्ट सालची गोष्ट. लगीन लागून मी आन् ह्याची आई गाडीतनं येत व्हतो. पाऊस आला. हूड लावला तर फेटा ह्यो असा नाकावर. नवी नवरी शेजारी, हसू दाबून बसलेली. दुसऱ्याच दिशी टांग्याच्या अड्ड्यावर गेलो. एक कारागीर व्हता. त्यानं गाडीचं माप घेतलंच न्हाई. मला बसवलं आन् माझ्या डोईचं माप घेतलं."

"मग तुम्ही मला सांगितलं का न्हाई?" हिंदुराव म्हणाले.

"तू पुस्तकात बघून करत व्हतास. एवढं जीव लावून करत व्हतास. मी कशाला आडवं येऊ?"

तो कारागीर माझे वडील होते असं सांगायला मला आवडलं असतं. पण त्यांना नाव आठवत नव्हतं, आणि अड्ड्यावर असे हात दहा-बारा होते. कोणाचा का असेना, आमच्यातलाच होता. माणूस बसवून मग हूड बेतायचा, ही आमच्या धंद्याची पहिली शिकवण. रिक्षाचा हूडसुद्धा मी मागे माणूस बसवल्याशिवाय कापत नाही.

हिंदुराव परत गोठ्यात येऊन बराच वेळ गाडीभोवती फिरले. इंग्लंडचा हूड उंचावलेल्या सांगाड्यावर येणार नव्हता. ठोकळे लावले तर फोटोतली गाडी राहणार नव्हती. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "सात दिवसांत शिवून होईल?"

"सहा पुरेत," मी म्हणाले. हे शुद्ध तोऱ्यात बोलले. सहा मुळीच पुरेसे नव्हते.

रविवार पेठेतून जाड बदामी कॅनव्हास आणला. तो आधी भिजवून वाळवला, कारण न भिजवलेलं कापड शिवलं की पहिल्या पावसात आखडतं आणि सगळी मेहनत मातीत जाते. त्यात एक अख्खा दिवस गेला. मग ठोकळे जागेवर बसवले. घडवल्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली तरी ते असे आत गेले की हातोडी लागली नाही. आप्पासाहेबांना फेट्यासकट दोन तास गाडीत बसवून मी कापड वर टाकलं आणि खडूने खुणा केल्या. ते जराही हलले नाहीत. अधूनमधून "बाई, पाणी घ्या," एवढंच म्हणायचे. उंच हूड बेढब दिसतो, टांग्यासारखा दिसतो, म्हणून मागच्या बाजूला मी उतार लांब धरला. तीनदा उसवलं. चौथ्यांदा जो बसला, त्याच्यावरून हिंदुराव नुसता हात फिरवत राहिले. टूलरूमच्या माणसाचा हात खोटं बोलत नाही. मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

रॅलीच्या दिवशी मी संपतच्या रिक्षातून गेले. कॅम्पातल्या मैदानावर साठेक मोटारी ओळीने लावलेल्या, सगळ्या उघड्या गाड्यांचे हूड गुंडाळलेले. आमच्याच गाडीचा वर. आत आप्पासाहेब, फेटा ताठ.

परीक्षक साहेब सदाशिव पेठेतले असावेत. स्तुतीसुद्धा दंड ठोठावल्यासारखी करत होते. बॉनेट उघडलं, स्क्रू पाहिले, खाली वाकून पाहिलं. "गेल्या दहा वर्षांत इतकं चोख काम पाहिलेलं नाही. आपण इंजिनिअर नाही, म्हणून जमलं असेल," ते म्हणाले. मग हुडाशी आले आणि पट्टी लावली. "हा उंच आहे."

"होय," हिंदुराव म्हणाले.

"मूळ बनावटीचा नाही. याचे मार्क जातील. आणि हे जाऊ नयेत, कारण बाकी गाडी पहिलीच आहे." त्यांनी कागद खाली केला. माणूस वाईट नव्हता. "असं करा, सांगाड्यासकट हूड उतरवून ठेवा. उघडी गाडी म्हणून तपासतो, तो मुद्दाच येत नाही. मात्र मग रॅलीभर उघडीच चालवायची. मध्येच चढवलेला चालणार नाही."

हिंदुरावांनी एकदा हुडाकडे, एकदा बॉनेटकडे पाहिलं. तीन वर्षं त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसली. लेथवर काढलेला एकेक स्क्रू, तो देव्हाऱ्याशेजारचा गिअरबॉक्स. मी बोलू शकले असते, पण माझा त्यावर हक्क नव्हता. बटणं उघडायला सांगितली असती तर मी निमूट उघडली असती.

तेवढ्यात आतून दाराचा आवाज आला. आप्पासाहेब एक पाय बाहेर टाकून उतरायला लागले होते.

"काढ रं हूड," ते म्हणाले. "मी हितं झाडाखाली बसतो बाईंच्या संगं. तू एक चक्कर मारून, नंबर घिऊन ये. माझं काय, मी लई फिरलोय हिच्यात."

हिंदुराव वाकले. वडिलांचा बाहेर आलेला पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला आणि दार लावलं.

"साहेब, हूड राहील," ते परीक्षकांना म्हणाले. "गाडी ज्यांची हाय, त्यांच्या मापाचा हाय."

परीक्षकांनी क्षणभर आत पाहिलं, फेट्याकडे. मग कागदावर एक रेघ मारली आणि पुढच्या गाडीकडे गेले. तिला पहिला नंबर मिळाला. आम्हाला काही मिळालं नाही.

रॅली सुटायचा झेंडा पडला तसे मी आणि संपत रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिलो. एकामागून एक उघड्या मोटारी गेल्या, गॉगल लावलेली माणसं हात हलवत गेली. मग आमची आली. वेग होता, वारा होता, धूळही होती. हूड जागचा हलला नाही आणि आत फेट्याचा तुरा ताठ होता. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी आपल्या नवऱ्याला विचारलं, या एकाच गाडीला छप्पर का हो?

तो काय सांगणार. मीच सांगितलं, "मी शिवलंय."