मधली खीळ

प्रदर्शनातल्या स्टॉलवर पाटी नुकतीच रंगवून झाली होती. ‘सुधारित शिकंजा’, आणि खाली, ‘आराखडा : विलास सबनीस’.

“सर, नाव चुकलंय,” अरुणा म्हणाली.

सबनीस वर्कशॉपचे उपसंचालक आणि ती तिथली ड्राफ्ट्सवुमन. दोघंही दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात राहणारे. गणपतीच्या आरतीला सबनीस तिच्या दादाच्या शेजारी उभे असत.

“चुकलं नाही गं. डिपार्टमेंटचं काम आहे. उद्या मिनिस्ट्रीतले लोक येणार. सुतारकामाची वस्तू आणि नाव बाईचं? हिनं रंधा तरी धरलाय का, असं विचारतील. समजून घे.”

“अच्छा,” अरुणा म्हणाली.

तिनं रंधा धरला होता. ओखल्याच्या त्या सरकारी वर्कशॉपात सुताराच्या प्रत्येक बाकाच्या पायाला एक उभी फळी होती. तिच्यातला स्क्रू आवळला की फळी आणि पाय यांच्यात काम पकडलं जाई. हाच शिकंजा. पण फळीचं खालचं टोक आत ओढलं जाऊ नये म्हणून तिथं भोकांची पट्टी असे, आणि लाकडाची जाडी बदलली की खाली वाकून खुंटी दुसऱ्या भोकात घालावी लागे. विष्णू मिस्त्री दिवसभर वाकत आणि कंबर धरून उठताना कुणाला तरी शिवी हासडत. अरुणा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या बाकाशी जाऊन बसू लागली. रंधा त्यांनीच शिकवला.

तिनं भोकांची पट्टी काढून टाकली. फळी आणि पाय यांच्यामध्ये दोन लोखंडी पट्ट्या कात्रीसारख्या बसवल्या आणि त्या मधोमध एका खिळीनं जोडल्या. आधी पट्ट्या अडकायच्या. पट्ट्यांची टोकं सरकायच्या खाचा लांबवल्या, तर फळी तिरकी येऊ लागली. तो हिवाळा त्यातच गेला. मग एका दुपारी स्क्रू फिरवला आणि फळी वरपासून खालपर्यंत सरळ पुढे आली, सरळ मागे गेली. विष्णू मिस्त्रींनी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं.

“बहनजी, अब झुकना नहीं पड़ेगा,” ते म्हणाले, आणि तोंड फिरवून पाणी प्यायला गेले.

सबनीसांना हे सगळं माहीत होतं. पहिल्यांदा शाबासकी त्यांनीच दिली होती.

संध्याकाळी सगळे चहाला गेले तेव्हा अरुणा स्टॉलमध्ये एकटीच होती. तिनं मधली लोखंडी खीळ ठोकून बाहेर काढली. पिशवीतली पेन्सिल तेवढीच कापली, चिनी शाईनं काळी केली आणि खिळीच्या जागी बसवली. स्क्रू हलकेच आवळून पाहिला. फळी सरळ आली. लोखंडी खीळ तिनं स्टॉलमागच्या गटारात टाकली आणि हात स्वच्छ धुतले.

“आज गुणगुणतेयस!” घरी पोळ्या लाटताना चंद्रप्रभावहिनी म्हणाली. “साहेबांनी स्तुती केली वाटतं?”

“उद्या करणार आहेत.”

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. सबनीसांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि शिसवीची जाड फळी शिकंज्यात धरली. अरुणा मागे माहितीपत्रकं घेऊन उभी होती. रंध्याचे पहिले हात नीट चालले. टाळ्या पडल्या, तसा सबनीसांना जोर चढला. त्यांनी स्क्रू आणखी आवळला. काडकन आवाज झाला, शिकंज्याचं खालचं टोक आत गेलं, वरचं उघडलं आणि शिसवीची फळी त्यांच्या बुटावर आदळली. ते एका पायावर नाचले. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“सबनीसजी,” मुख्य पाहुणे म्हणाले, “पहले इसे सुधार लीजिए.”

अरुणानं त्यांचा चेहरा मनसोक्त पाहिला. माहितीपत्रकांची चळत छातीशी धरून, पापणी न हलवता पाहिला. असा आनंद तिला शिकंजा जमला त्या दुपारीही झाला नव्हता.

सगळ्या बाकांना नवे शिकंजे लावायचं ठरलं होतं. ते त्याच आठवड्यात रद्द झालं. नमुना भंगारात गेला. विष्णू मिस्त्री एवढंच म्हणाले, “वो टूटने वाली चीज़ नहीं थी, बहनजी.” त्यानंतर ते तिला बाकाशी बसायला स्टूल सरकवेनासे झाले.

सबनीसांची बदली झाली. जायच्या दिवशी ते अजून थोडे लंगडत तिच्या टेबलापाशी आले.

“पेन्सिल होती,” ते हळूच म्हणाले. “शाई माझ्या बोटांना लागली होती.”

अरुणानं मान वर केली. “मग सांगितलं का नाहीत?”

“काय सांगणार? कुठली खीळ काढायची हे कुणाला ठाऊक होतं, असं विचारलं असतं. मग सगळंच सांगावं लागलं असतं. नोकरी गेली असती तुझी. पण शिकंजा तुझाच ठरला असता.”

ते गेले. तिला त्यांची कीव आली नाही. त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यावरून पूर्ण उतरेपर्यंत तिनं ऐकला.

नवे साहेब बरे निघाले. उन्हाळ्यात एकदा ते तिच्या बोर्डाशी येऊन उभे राहिले. “मिस दबीर, तुमचा हात फार चांगला आहे. स्वतःचं काही सुचत असेल तर करा. नाव तुमचंच राहील, प्रॉमिस.”

अरुणानं खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात ट्रकमधून सागाचे ओंडके उतरत होते.

“नाही सर,” ती म्हणाली. “काही सुचत नाही.”

आणि दुसऱ्या कुणीतरी काढलेल्या कपाटाच्या नकाशावर ट्रेसिंगचा कागद पसरून तिनं त्याची चारही टोकं नीट दाबून बसवली.