न घेतलेला क्लोजअप

टीव्हीवरचे खून उलगडता उलगडता माझं डोकं उठलंय. गुप्तहेर दचकला की त्याचा चेहरा डावीकडून, मग उजवीकडून, मग समोरून दाखवायचा, आणि प्रत्येक वेळी ढॅण. मालिकेची दिग्दर्शक मी, पण कुठला शॉट कितीदा दिसेल ते चॅनेल ठरवतं. अगदी वीट आलाय.

त्या दिवशी खारघरच्या एका फ्लॅटमध्ये शूटिंग होतं. प्रसंग साधा. मेलेल्या माणसाच्या घरात शेजारीण येते. "या घरात मी कधी पाऊल टाकलेलं नाही," असं ती पोलिसांना सांगून बसलेली. घरात अंधार. बोलता बोलता, भिंतीकडे न बघता ती हात नेते आणि एवढ्या मोठ्या बोर्डावरचं नेमकं दिव्याचं बटण दाबते. खुनी तीच. मला हे लांबून, एका दमात, मध्ये कुठेही न कापता दाखवायचं होतं. निदान एकदा तरी बघणाऱ्याला त्याचं त्याला कळू दे.

"हाताचा क्लोजअप लागेल, मॅम," चॅनेलची भाविका म्हणाली. "पब्लिकला कळणार नाही."

मी हो म्हटलं. ती फोन घ्यायला गॅलरीत गेली तसं कॅमेरामन धनेशला सांगितलं, "क्लोजअप घ्यायचाच नाही. शॉटच नसला तर एडिटिंगवाले जोडणार काय?"

धनेश उरणकडचा. "मना काय, मॅडम," तो म्हणाला. "बोलनी तुमालाच बसतील."

शॉट सुरेख झाला. मी खुशीत घरी गेले.

एपिसोड लागला तेव्हा आईशेजारी बसले होते. शेजारणीचा हात भिंतीकडे गेला तशी आई पुटपुटली, "अगंबाई, हिला बटण बरोबर माहितीये. हीच ती."

मला भरून आलं.

तेवढ्यात चित्र थांबलं. एडिटिंगवाल्यांनी माझाच शॉट ताणून मोठा केला होता. चित्र पार फुटलेलं, बटणाभोवती लाल गोल, आणि ढॅण. मग पुन्हा तेच, आणि पुन्हा.

आईने टीव्ही बंद केला. "एवढं बोट धरून दाखवायला आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?" ती खरंच दुखावली होती. "तुला आम्ही इतके बिनडोक वाटतो का गं?"

मालिकेवर नाव माझं होतं.