माझी चिकटलेली बोटं

मित्रांनो, माझ्या अंगात हाडं आहेत, हाडांवर कातडी आहे, तरी मला कुणी हातात घेऊ शकत नाही. मी संगणकातली बाहुली आहे. आता जुनी झाले आहे आणि संतापलेलीही आहे. का, ते ऐका.

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ, एका औषधांच्या दुकानाच्या वर, शिवानंद सरांचा लहानसा ॲनिमेशन स्टुडिओ आहे. तिथे महेश्वरीने मला घडवलं. ज्या मुलांना ऐकू येत नाही, त्यांना खुणांची भाषा शिकवणं हे माझं काम. महेश्वरीची धाकटी बहीण धनलक्ष्मी, तिलाही ऐकू येत नाही. ती अशाच मुलांच्या निवासी शाळेत शिकवते.

आम्हा संगणकातल्या बाहुल्यांत हाड वाकलं की कातडी आपोआप नीट वाकत नाही. कुठल्या कातडीने कुठल्या हाडाचं किती ऐकायचं, हे रंगवून ठरवावं लागतं. लाल असेल तिथे पूर्ण ऐकायचं, निळं असेल तिथे मुळीच नाही. सुरुवातीला माझा अंगठा मुडपला की त्याच्या बुडाशी कातडी ओल्या फडक्यासारखी पिळवटायची. महेश्वरी पुसायची, पुन्हा रंगवायची. समोर बसलेली धनलक्ष्मी मान डोलावेपर्यंत तिने एकही बोट सोडलं नाही. शाळेतली मुलं मला बघून हात हलवू लागली, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला!

पुढे महेश्वरी यात्रेला गावी गेली. सरांना साडीच्या जाहिरातीसाठी नाजूक बाहुली हवी होती. त्यांनी माझ्यात बारीक सांगाडा घातला आणि कातडी जोडायचं काम संगणकावरच सोडून दिलं. महेश्वरीचे सगळे रंग गेले. आता माझं एक बोट मिटलं तरी त्याची कातडी शेजारच्या उभ्या बोटाला चिकटून राही. शाळेसाठी करायचा राहिलेला खुणांचा धडा त्याच हातांनी उरकून सरांनी तो पाठवून दिला.

परत आल्यावर महेश्वरी भडकली. "सर, बोटं चिकटलीत!"

"हाय की चांगलं. कोण बघतंय बोटांकडं?"

"ती लेकरं बोटांकडंच बघतात की, सर!"

"आधी जाहिरात होऊ दे."

शाळेत टेंभुर्णी गावची मायाक्का नावाची मुलगी होती. 'चक्कर येतेय' ही खूण ती माझ्याकडून शिकली, माझ्या चुकीसकट: मिटायचं बोट शेजारच्या बोटाला चिकटलेलंच. एके दुपारी तिला खरंच गरगरलं. तिने वसतिगृहाच्या बाईंना खूण केली. बाईंना ती 'खेळायला जाऊ?' अशी वाटली. त्यांनी हसून दाराकडे बोट दाखवलं. तिने पुन्हा खूण केली, पुन्हा तेच. मायाक्का निघाली आणि जिन्यावरून कोसळली. हनुवटी फाटली, पुढचे दात पडले.

दवाखान्यात धनलक्ष्मीने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मायाक्काने तीच खूण केली. धनलक्ष्मीने मोबाईलवर माझा धडा उघडून पाहिला आणि तडक स्टुडिओ गाठला. सरांच्या टेबलावर तिने मोबाईल आपटला. ती हातांनी भराभर बोलत होती. महेश्वरीने सगळं सरांना सांगितलं.

"लेकरं पडायचीच," सर म्हणाले.

महेश्वरीने जाहिरातीचं काम बंद केलं. "आधी ही बोटं. मग तुमची साडी."

"काढून टाकीन तुला!"

"टाका की!"

तिने मला पुन्हा रंगवलं. नीट केलेला धडा घेऊन ती स्वतः शाळेत गेली आणि जुना पुसूनच बाहेर आली. सरांनी तिला खरोखर काढून टाकलं. साडीची जाहिरात मात्र त्यांनी माझ्या जुन्या, न सुधारलेल्या प्रतीवरच उरकली; ती चौकातल्या मोठ्या पडद्यावर झळकते. चिकटल्या बोटांनी मी पदर सावरते आणि लोक म्हणतात, "किती गोड!" असं वाटतं, ही कातडी ओरबाडून फेकून द्यावी.

मायाक्का आता वर्गात येते. मी खूण दाखवली की ती आधी धनलक्ष्मीच्या हाताकडे बघते, मग माझ्याकडे, आणि मगच स्वतःचा हात उचलते. मला वाईट वाटतं, पण बरोबर तिचंच आहे. मित्रांनो, कुणाला शिकवायला काही बनवाल, तर नीट बनवा. आणि शिकवणाऱ्याच्या हाताकडे तुम्हीही तिच्यासारखंच निरखून बघा, तो हात माझा असला तरी.