मोराच्या छातीतली चार भोकं

मी एक टाइल बोलतेय. न्हाणीघरातली, टबाच्या डोक्यावरची. माझ्या अंगावर मोराची मान आणि छाती छापलेली आहे. त्या छातीत आता चार भोकं आहेत, आणि खालचा डावा कोपरा उडालेला आहे. पाहुणे येतात, बघतात आणि 'अरेरे' म्हणतात. त्यांचं ते 'अरेरे' ऐकून कान किटले म्हणून तोंड उघडलं.

माझा जन्म गुजरातेत, मोरबीला. माती, दाब, भट्टी, वर चकचकीत लेप. भट्टीत काय सोसलं ते सांगत बसत नाही. आपापल्या भट्टीचं कौतुक सांगणारी माणसं मी पुढं रोजच ऐकली. आम्ही चौघी मिळून एक मोर होतो: दोघींवर पिसारा, एकीवर तुरा, माझ्यावर छाती. वसमतच्या दुकानात आम्हाला दर्शनी मांडून ठेवलं होतं. तिथंच संतराम गुरुजींची नजर आमच्यावर पडली.

गुरुजी जवळा बाजार गावचे, निवृत्त मुख्याध्यापक. मुली शिकल्या पाहिजेत यावर त्यांनी पस्तीस वर्षं भाषणं दिली. बायकोचे, शकुबाईचे, गुडघे गेले तेव्हा त्यांनी बारावीतल्या लेकीचं, पुनमचं नाव कॉलेजातून काढून आणलं. पुण्यातल्या दोन मुलांना मात्र 'चार दिवस येऊन जा' म्हणायची त्यांची छाती झाली नाही. सकाळी सातला आईला उठवायचं, न्हाऊ घालायचं, लुगडं नेसवायचं. कॉलेजाला नेणारी वसमतची बस सुटते सव्वासातला. दोन वर्षं पुनमनं त्या बसचा नुसता हॉर्न ऐकला.

डॉक्टर म्हणाले, बाईंना कोमट पाण्यात बसवत जा. ते काय, मोठ्या घंगाळातही जमलं असतं. पण गुरुजींनी नांदेडच्या हॉटेलात टब पाहिला होता. झालं. जुनी न्हाणी फोडली, टब आला, टबाभोवती टाइल्स आल्या. शकुबाईला कुणी काही विचारलं नाही. तिच्यासाठीच तर चाललं होतं सगळं, मग तिला कशाला विचारायचं?

विचारलं ते इनायत मिस्त्रीनं. आम्हाला पाण्यात भिजत घालून तो भिंतीला ओळंबा लावत होता. शकुबाई दाराला धरून उभी होती.

"भाभी, बसता-उठता तुमचा हात कुठं जातो?"

शकुबाई गोंधळली. मग भिंतीवर बोट ठेवलं. "हितं जाईल बगा."

इनायतनं तिथं पेन्सिलीनं फुली मारली. "गुरुजी, हितं दांडी लावू. स्टीलची. आतून सिमेंटचा मसाला ठासून भरतो, म्हंजी बराबर धरून ठेवील."

"दांडी? घर आहे का सरकारी दवाखाना?" गुरुजी म्हणाले. "तिथं मोर येईल. दारातून सरळ दिसला पाहिजे."

"पन आण्णा, माय चढंल कशी?" पुनमनं विचारलं.

"तू आहेस की!"

ते 'तू आहेस की' मी ओल्या अंगानं ऐकलं. पुनमनं बादली उचलली आणि गेली.

रविवारी गुरुजींचे निवृत्त मास्तर मित्र जेवायला यायचे होते. घाई, घाई. इनायतनं माझ्या पाठीला पूर्ण मसाला लावलाच नाही. चार कोपऱ्यांत चार गोळे, आणि दिली दाबून फुलीवर. तोही काही संत नव्हे. समोरून सरळ दिसतं ना, मग पाठीमागं पोकळी राहिली तरी कोण बघतंय? संध्याकाळी पुनमनं मला बोटानं वाजवलं. बद्द.

"पोकळ बोलून राहिली ही," ती स्वतःशीच म्हणाली. "आमच्या घराला शोभती."

रविवारी मास्तर लोक चपला काढून रांगेनं न्हाणीघरात आले. देवळात यावं तसे. 'वा गुरुजी, वा!' झालं. त्यांच्या मागून जमनाबाई आली. ही गुरुजींची थोरली बहीण, पुसेगावहून दोन दिवसांसाठी आली होती आणि महिना झाला तरी जायचं नाव घेत नव्हती. तिनं माझ्याकडं बघून हात जोडले.

"संतराम, मोर म्हंजी सरस्वतीचं वाहन रे. त्याच्याम्होरं उघड्या अंगानं बसायचं?"

पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, 'तेही खरंच' म्हणाला! तेव्हापासून टबात कुणी न्हालं नाही. नळ आठ दिवसांनी येतो, तर टबात पाणी साठवायला लागले. वरून ताडपत्री. शकुबाई मागच्या अंगणात दगडावरच न्हायची, पुनमच्या हातांनी. मी भिंतीवरून ताडपत्रीकडं बघत राहायची.

जून आला. बारावीला पुन्हा नाव घालायची तारीख जवळ आली. पुनमनं एकदा विषय काढला तर गुरुजी म्हणाले, "आईचं कोण करील?" ते पलीकडच्या खोलीत शकुबाईनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पुनम दळण घेऊन गेली तेव्हा शकुबाई एकटी आत आली. आदल्या दिवशी कपडे धुवायला पाणी उपसलं होतं, टब रिकामा होता. तिनं ताडपत्री सारली. आपण एकटीनं न्हालो की पोरगी सुटली, एवढाच तिचा हिशेब; आधी चढता येतं का ते बघायचं होतं. एक पाय कसाबसा टबात गेला. दुसरा उचलताना हात आधाराला आला, बरोबर त्या फुलीवर. म्हणजे माझ्यावर.

मी काय देणार आधार? मी गुळगुळीत. त्यासाठीच मला घेतलेलं. तिची पाच बोटं माझ्या छातीवरून खाली घसरत गेली, आणि ती टबाच्या काठावर आपटून खाली बसली. हाड मोडलं नाही. पण ती ओरडलीही नाही. तोंडात पदर कोंबून अर्धा तास फरशीवर बसून राहिली, नवऱ्याला कळू नये म्हणून. भट्टीत मला एवढं भाजलं नव्हतं.

पुनमनं आल्यावर तिला उठवलं. मांडी काळीनिळी झाली होती. पुनमनं त्याच पावली इनायतला फोन लावला. तो आला. छिन्नी-हातोडी बघून जमनाबाई दारात आडवी झाली.

"मोराच्या छातीला भोक? सरस्वती कोपल, भवाने!"

"कोपू दे की. तिला आपन माझी बारावी सुटली तवाच घराभाईर काढली, आत्या. आता काहून आठवन होऊन राहिली?"

गुरुजी पेपर टाकून उठले. "पुनम! हे घर माझं आहे. त्या टाइलला हात लावायचा नाही."

"आण्णा, दोन वरसं झाली, मायच्या अंगाला तुमी हात लावला का एकदा तरी? पानी तरी काढून दिलं? आन् टाइलची काळजी!"

गुरुजींचा हात वर गेला. तेव्हा मागून शकुबाईचा आवाज आला. भिंत धरून आली होती ती, लंगडत.

"मोर तुमचा हाय, न्हाई म्हनत न्हाई मी," ती नवऱ्याला म्हणाली. "हात माझा हाय. इनायतभाई, लावा तुमी दांडी."

गुरुजींचा हात हवेतच राहिला. त्या घरात शकुबाईनं कुणाला काम सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, बहुधा गुरुजींनीही.

इनायतनं मला वाजवलं आणि मान खाली घातली. "पोरी, हितं चूक माझी हाय. घाई केली मी. अशी पोकळ टाइल दांडी धरनार न्हाई, फुटल." त्यानं मला अलगद उचकटलं. तेवढ्यात कोपरा गेला. मग माझ्या पाठीला काठोकाठ मसाला भरला आणि पुन्हा फुलीवर बसवलं. चार दिवस सुकू दिलं. पाचव्या दिवशी चिकटपट्टी लावून, पाण्याची धार धरून, हळूहळू चार भोकं पाडली आणि दांडी पक्की केली. दुखलं. पण पहिल्यांदाच मला वाजवल्यावर भरीव आवाज आला, हेही खरं. टबावर त्यानं एक सागवानी फळी आडवी ठेवली. दांडी धरून फळीवर बसायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. उडी नाही, चढण नाही.

जमनाबाई त्याच दिवशी पुसेगावला गेली. सरस्वती काही कोपली नाही.

गुरुजींनी आठ दिवस अबोला धरला. नंतर एका सकाळी ते आंघोळीला आले, दाराला कडी नीट लागली का ते दोनदा बघितलं, आणि फळीवरून उठताना दांडी धरली. चांगली घट्ट धरली. बाहेर जाऊन कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नसतं. पण दांडीला नावं ठेवणारे दांडीच धरतात, हे कुणीतरी सांगायलाच हवं.

तुम्ही घरात टाइल्स लावाल तेव्हा फुलं लावा, मोर लावा, काय हवं ते लावा. पण भिंत ओली आहे तोवर घरातल्या म्हाताऱ्या बाईला एवढं विचारा, तुझा हात कुठं जातो? नंतर फोडावं लागतं. टाइलही, आणि बरंच काही.

आज सोमवार. सात वाजले. शकुबाई आत आली, कडी लावली, दांडी धरली, फळीवर बसली. दोन्ही पाय कोमट पाण्यात. बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"पुनम, टावेल दे गं," ती सवयीनं म्हणाली.

 शकुबाई कान देऊन बसली. मग तिच्या लक्षात आलं, पोरगी त्या बसमध्ये आहे. ती एकटीच हसली, ओल्या हातानं माझ्या छातीवरची दांडी पकडली, आणि टॉवेल घ्यायला उठून उभी राहिली.